थंडी लक्षात ठेवणारा गहू

रशियन भाषेत वसंतात पेरायच्या धान्याला 'यारोवोये' म्हणतात. त्यावरून १९२८-२९ च्या सुमारास तिकडे एक नवा शब्द तयार झाला, 'यारोविझात्सिया'. हिवाळी धान्याला वसंती करून टाकणं, असा त्याचा अर्थ. इंग्रजीनं लॅटिन मुळाचा आधार घेऊन त्याचं 'व्हर्नलायझेशन' केलं आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी 'वासंतीकरण'. दहावीनंतर माझं विज्ञान सुटलं, बी.ए. झालो तो भाषा घेऊन. त्यामुळे हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो कुणा निसर्गकवीचाच वाटला. कुठल्या तरी कवितेत पळसाच्या शेजारी तो सहज बसला असता. पुढे त्याचा माग काढत गेलो, तर त्याच्या पोटात दुष्काळ निघाला, तुरुंग निघाला, आणि एका शास्त्रज्ञाचा उपासमारीनं झालेला मृत्यू निघाला. आणि अगदी तळाशी, विसाव्या शतकाच्या शेवटाला जाऊन हाती लागलेली एक गोष्ट निघाली. झाडाला थंडी आठवते. कशी आठवते, तेही आता बरंचसं कळलंय.

आधी गव्हाचं सांगतो. आपल्याकडे गहू कार्तिकात पेरायचा आणि फाल्गुनात काढायचा. साडेतीन-चार महिन्यांचा मामला. रशिया, जर्मनी, उत्तर अमेरिका इथे गव्हाच्या दोन जाती-जमाती असतात. एक वासंतिक गहू. तो बर्फ वितळल्यावर पेरतात आणि उन्हाळा सरताना कापतात. दुसरा हिवाळी गहू. तो शरद ऋतूत पेरतात, वीतभर उगवतो, मग बर्फाखाली झोपून राहतो आणि वसंत आला की उभा राहून ओंबी धरतो. हिवाळी गहू उत्पन्नाला बरा, म्हणून शेतकऱ्याचा जीव त्याच्यावर. पण त्याची एक खोड आहे. हाच हिवाळी गहू तुम्ही वसंतात पेरलात तर तो उगवतो, फुटवे फुटतात, शेत हिरवंगार होतं, आणि ओंबी काही येत नाही. नुसतं गवत. ऊन आहे, पाणी आहे, माती तीच आहे. पण त्याच्या अंगावरून हिवाळा गेलेला नाही. हिवाळा गेल्याशिवाय फुलायचं नाही, ही त्याची अट.

अट शहाणपणाची आहे. शरदात मध्येच चार दिवस ऊबदार आले, वसंत आला असं समजून झाड फुललं, आणि पुढच्या आठवड्यात बर्फ पडला, तर वंशच बुडाला. म्हणून एक-दोन गार रात्रींवर त्याचा विश्वास नाही. त्याला आठवड्यांमागून आठवडे थंडी लागते. आमच्या घरातला रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. लहानपणी रोजे थंडीतले की उन्हाळ्यातले यावरून आम्ही वर्षं ओळखायचो. मराठी पंचांग अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवून घेतं. गव्हाकडे चाँदही नाही आणि पंचांगही नाही. तो थंडीच मोजतो.

हे शेतकऱ्यांना ठाऊक नव्हतं असं समजू नका. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या कृषी मंडळाचे सचिव जॉन क्लिपार्ट यांनी १८५७ मध्येच लिहून ठेवलंय, की हिवाळी गहू किंचित मोड आणून गोठवून ठेवला आणि वसंतात पेरला तर तो वासंतिक गव्हासारखा वागतो. मग १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध संपायच्या वर्षात, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गुस्ताव गासनर यांनी तेच प्रयोगशाळेत नीट मोजून दाखवलं. राय नावाचं त्यांच्याकडचं थंड प्रदेशातलं धान्य आहे. त्याच्या हिवाळी वाणाचं बी गोठणबिंदूच्या जरा वर, एक-दोन अंशांत उगवू दिलं, तर वसंतात पेरूनही फुललं. ऊबेत उगवू दिलं ते बसून राहिलं. गासनर यांनी निष्कर्ष छापला आणि पुढच्या कामाला लागले. त्या कागदावर कुणाचं राजकारण उभं राहील असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

आता ट्रोफिम लायसेंको. जन्म १८९८ चा, युक्रेनमधल्या शेतकरी कुटुंबातला. १९२५ पासून तो अझरबैजानमधल्या गांजा इथल्या कृषी केंद्रावर वाटाणा आणि इतर पिकं कुठल्या मोसमात कशी वाढतात याच्या नोंदी ठेवत होता. १९२७ मध्ये 'प्रावदा' या सरकारी पक्षाच्या दैनिकाचा वार्ताहर तिथे पोचला. त्याला हा अबोल, चिखलात पाय घातलेला तरुण भारी आवडला. हिवाळ्यात हिरवी शेतं करून दाखवणारा 'अनवाणी प्राध्यापक' अशी त्याची छबी देशभर गेली. मग जानेवारी १९२९ मध्ये लेनिनग्राडला आनुवंशशास्त्रज्ञांचं मोठं संमेलन भरलं. लायसेंकोनं तिथे गव्हाला थंडी देण्यावर निबंध वाचला. जाणकार म्हणाले, काम ठीक आहे, पण नवं काही नाही. गासनरनं हे केलेलं आहे. हे ऐकून तो काय समजायचं ते समजला. शास्त्रज्ञांपेक्षा वर्तमानपत्रं लवकर ऐकतात.

त्याच वर्षी त्याच्या वडिलांनी, म्हणजे डेनिस लायसेंकोंनी, गावाकडे हिवाळी गव्हाचं बी भिजवलं, पोत्यात भरून बर्फात पुरलं आणि वसंतात पेरलं. ओंब्या आल्या. युक्रेनमध्ये त्याआधीचे दोन हिवाळे असे कडक गेले होते की शरदातली पेरणी शेतातच मेली होती. अशा वेळी 'हिवाळ्याचा धोका पत्करू नका, बी घरातच थंड करा आणि वसंतात पेरा' हे ऐकायला कुणाला नको होतं? त्यातच सामुदायिक शेतीची सक्ती सुरू झाली. १९३२-३३ मध्ये युक्रेन आणि कझाकस्तानात लाखो माणसं भुकेनं मेली. सरकारला काहीतरी तातडीचं, स्वस्त आणि शेतकऱ्याच्या हातचं हवं होतं. लायसेंकोनं ते देऊ केलं. पुढे तर ज्याला थंडीची गरजच नाही त्या वासंतिक गव्हालाही तो वासंतीकरण करायला लावू लागला; त्यामुळे पीक लवकर येतं आणि उतारा वाढतो, असा दावा होता.

प्रत्यक्षात काय व्हायचं, ते डोळ्यांपुढे आणा. शेकडो पोती बी ओलं करायचं, सारवलेल्या जमिनीवर पसरायचं, दिवसरात्र फावड्यानं वरखाली करायचं, ना जास्त मोड येऊ द्यायचा ना बुरशी. मग तेच फुगलेलं बी पेरणीयंत्रातून घालायचं. ज्यानं घरी कधी मटकीला मोड आणले असतील त्याला यातली जोखीम सांगायला नको. हिशेब कसा ठेवला? सामुदायिक शेतांवर छापील प्रश्नपत्रिका पाठवल्या: वासंतीकरणानं किती फायदा झाला ते भरून पाठवा. ज्यांचं बी कुजलं त्यांनी काय भरून पाठवायचं, आणि त्या काळात कुणाची हिंमत होती? पी. आय. लिसित्सिन नावाच्या ज्येष्ठ कृषिशास्त्रज्ञानं १९३६ च्या एका बैठकीत यावर एक जुनी रोमन गोष्ट सांगितली. देवळात नवस फेडणाऱ्या, वादळातून वाचलेल्या खलाशांची चित्रं टांगलेली असतात. ती पाहून एकानं विचारलं, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? संख्याशास्त्राचं अख्खं पुस्तक या प्रश्नात मावतं, असं मला वाटतं. ज्यांनी अनेक ठिकाणी, अनेक वाणांवर, वर्षानुवर्षं रीतसर चाचण्या घेतल्या, त्यांना फायदा जवळजवळ शून्य आढळला.

पण तोवर निर्णय चाचण्यांच्या हातात राहिला नव्हता. फेब्रुवारी १९३५ मध्ये क्रेमलिनमधल्या शेतकऱ्यांच्या मेळाव्यात लायसेंको बोलत होता. आपल्या विरोधकांची गाठ त्यानं वर्गशत्रूंशी घातली. श्रोत्यांत बसलेल्या स्टालिननं तिथूनच 'शाब्बास, कॉम्रेड लायसेंको!' अशी दाद दिली. मुशायऱ्यात अशी दाद मिळाली तर शायराचं एका रात्रीचं नाव होतं. इथे त्या दादेनं एका शास्त्राचा गळा धरला.

आणि दावा वाढत गेला. थंडी दिली की झाड त्या मोसमापुरतं बदलतं, इथवर ठीक होतं. लायसेंको म्हणू लागला की हा बदल बियांतही उतरतो. हिवाळी गहू कायमचा वासंतिक होतो. 'कोऑपरेटोर्का' नावाच्या हिवाळी वाणाची दोन रोपं त्यानं १९३५ मध्ये काचघरात वाढवली. एक मेलं. दुसऱ्याच्या बियांवरून त्यानं सिद्धांत उभा केला. एका रोपावरून! मेंडेलचे नियम, जनुकं, गुणसूत्रं हे सगळं त्याच्या लेखी भांडवलदारी थोतांड होतं.

त्याच्या वाटेत जो माणूस उभा होता त्याचं नाव निकोलाय वाविलोव. जन्म १८८७ चा. अफगाणिस्तानपासून इथिओपियापर्यंत आणि पुढे दक्षिण अमेरिकेपर्यंत खेचरांवरून, पायी, मिळेल त्या वाहनानं फिरून या माणसानं गव्हाचे, जवाचे, बटाट्याचे, कडधान्यांचे नमुने गोळा केले. कुठलं पीक माणसानं पहिल्यांदा कुठे जोपासलं, त्याचा नकाशा त्यानं काढला. लेनिनग्राडमधल्या त्याच्या संस्थेतला बियाण्यांचा साठा तेव्हा जगात सर्वांत मोठा होता. गंमत अशी की, सुरुवातीला लायसेंकोला पुढे आणण्यात वाविलोवचा हात होता. हिवाळी वाणांना वसंती करता आलं तर परदेशांतून आणलेली बियाणी एकमेकांशी संकरित करणं सोपं जाईल, असा त्याचा साधा, कामाचा विचार होता. माणसाचा हेतू त्यानं पाहिला नाही, प्रयोगाचा उपयोग पाहिला. यात त्याचा दोष काढायला माझी जीभ रेटत नाही.

६ ऑगस्ट १९४० रोजी युक्रेनच्या पश्चिम टोकाला, बियाणं गोळा करण्याच्या दौऱ्यावर असतानाच, वाविलोवला अटक झाली. जुलै १९४१ मध्ये देहदंड फर्मावला गेला. नंतर तो वीस वर्षांच्या कैदेवर आणला. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात, अन्नाविना खंगून तो गेला. तरुणपणी याच सारातोवमध्ये तो प्राध्यापक होता आणि १९२० मध्ये आपला सगळ्यांत गाजलेला सिद्धांत त्यानं याच शहरात मांडला होता.

तो तुरुंगात असताना लेनिनग्राडला जर्मन फौजांचा वेढा पडलेला होता. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४. शहरात माणसं चामडं उकळून खात होती. वाविलोवच्या संस्थेत तांदूळ, गहू, शेंगदाणे, मका यांच्या पाकिटांनी खोल्या भरलेल्या. तिथल्या लोकांनी ते बियाणं उंदरांपासून, गारठ्यापासून आणि स्वतःच्या भुकेपासून राखलं. भाताचे तज्ज्ञ दिमित्री इवानोव भाताच्या हजारो पाकिटांच्या सोबतीत उपाशी मेले. भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्झांडर श्चुकिन आपल्या टेबलाशीच गेले. आणखीही काही गेले. या प्रसंगावर कविता लिहायचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा कागद फाडला. गद्यात सांगितलेलीच ही हकीकत बरी.

पुढचं थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोला कृषी अकादमीचं अधिवेशन झालं. लायसेंकोनं अहवाल वाचला, आणि अखेरच्या दिवशी जाहीर केलं की पक्षाच्या मध्यवर्ती समितीनं तो पाहून मंजूर केलेला आहे. स्टालिननं स्वतःच्या हातानं त्यात दुरुस्त्या केल्या होत्या, हे पुढे कागदपत्रांतून उघड झालं. आनुवंशशास्त्र शिकवणं बंद झालं, माणसं नोकऱ्यांतून काढली गेली, पुस्तकं बाद झाली. त्या वेळी सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या अध्यक्षपदी कोण होतं? वाविलोवचा सख्खा भाऊ, भौतिकशास्त्रज्ञ सर्गेई वाविलोव. असल्या योगायोगांना आपण नाटकात 'ओढूनताणून आणलेलं' म्हणतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनच्या बीबीसी रेडिओनं या प्रकरणावर चार शास्त्रज्ञांची भाषणं लावली. तिघांनी लायसेंकोची साफ झडती घेतली. चौथे होते जे. बी. एस. हाल्डेन. थोर आनुवंशशास्त्रज्ञ, वाविलोवचे स्नेही आणि कम्युनिस्ट. ते धड इकडे बोलले नाहीत, धड तिकडे. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्यात आणि मग भुवनेश्वरला राहिले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये इथेच वारले. मला हा माणूस फार आवडतो, पण त्या भाषणापाशी आलं की मन अडतं. मित्र तुरुंगात मेलेला असताना रेडिओवर बोलायला मिळालेली ती मिनिटं!

लायसेंकोची गादी १९६५ पर्यंत टिकली. वाविलोवला १९५५ मध्ये सरकारनं निर्दोष ठरवलं.

आता ज्या प्रश्नावरून हे सगळं सुरू झालं त्याकडे वळू. झाड थंडी मोजतं कसं? लायसेंकोचा गोंगाट चालू होता त्याच वर्षांत काही माणसं मुकाट्यानं हाच प्रश्न सोडवत होती. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात फ्रेडरिक ग्रेगरी आणि ऑलिव्ह पर्व्हिस यांनी रायच्या दाण्यातून इवलासा गर्भ कोरून काढला, साखरेच्या पाण्यावर वाढवला आणि थंडी फक्त त्यालाच दिली. तेवढंही पुरलं. म्हणजे थंडी दाण्याच्या पिठाला नको, कोंबाच्या टोकाला हवी. शिवाय थंडी दिल्या दिल्या लगेच कडक ऊब दिली तर झाड ती थंडी 'विसरतं', हेही त्यांनी दाखवलं. जर्मनीत गेओर्ग मेल्शर्स आणि आंतोन लांग यांनी खुरासानी ओव्याचं झाड निवडलं. हो, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तोच. त्याचा दोन वर्षं जगणारा वाण थंडी मिळाल्यानंतर मोठे दिवस आल्याशिवाय फुलत नाही. थंडी देऊन त्याला महिनोन्‌महिने लहान दिवसांत अडवून ठेवलं आणि मग मोठा दिवस दाखवला. झाड फुललं. मधल्या काळात किती नवी पानं आली, पेशी किती वेळा विभागल्या, तरी आठवण शाबूत. १९६० च्या दशकात हॉलंडमध्ये वेलेनसीक यांनी तर नुसत्या पानांना थंडी दिली. पानाच्या देठाशी नव्या विभागलेल्या पेशींतून जी रोपं उगवली ती थंडीशिवाय फुलली. म्हणजे आठवण पेशीत होती.

आपल्याकडेही हे काम झालं, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. जगदीशचंद्र बोसांचे शिष्य बोशी सेन यांनी हिमालयाच्या कुशीत अल्मोड्याला विवेकानंद प्रयोगशाळा चालवली. तिथे १९३० च्या दशकात त्यांनी आणि चक्रवर्ती या सहकाऱ्यानं मोहरीच्या बियांना थंडी देऊन ती लवकर फुलते हे दाखवलं. बोशी सेन यांचं जन्मवर्षही १८८७. वाविलोवचं आणि त्यांचं वय एक. एकाला अल्मोड्याची शांतता मिळाली, दुसऱ्याला सारातोव.

पेशीत आठवण आहे म्हणजे काय आहे, हे कळायला १९९९ साल उजाडावं लागलं. मोहरीच्याच कुळातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं एक चिमुकलं तण आहे. खायच्या कामाचं नाही, पण जनुकशास्त्रज्ञांचं लाडकं. अमेरिकेत रिचर्ड अमासिनो आणि ऑस्ट्रेलियात एलिझाबेथ डेनिस यांच्या चमूंनी एकाच सुमारास त्यातलं एक जनुक पकडलं. त्याचं नाव एफएलसी. हे जनुक म्हणजे फुलण्यावरचा ब्रेक. ते चालू आहे तोवर झाड पानंच काढत राहतं. थंडी लागली की ते हळूहळू बंद होतं, आणि ऊब परतली तरी बंदच राहतं.

कळीचा मुद्दा असा की थंडीनं जनुकातलं एकही अक्षर बदलत नाही. गुणसूत्रातला डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्या रिळांवर बारीकशा रासायनिक खुणा चिकटतात. एफएलसीच्या जागी थंडीत एका प्रकारच्या खुणा चिकटत जातात, तिथला धागा मिटतो आणि ते पान वाचता येईनासं होतं. पोथीतली अक्षरं तीच, फक्त ते पान चिकटवून टाकलेलं. पेशी विभागली की नव्या पेशीतही त्या खुणा उमटवल्या जातात. ही खुणा करणारी प्रथिनं माशीमध्येही सापडतात, आपल्यातही सापडतात. इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमध्ये कॅरोलाइन डीन यांनी अनेक वर्षं या एका जनुकाचा पिच्छा पुरवला. २०२० मध्ये त्यांना शेतीशास्त्रातलं वुल्फ पारितोषिक मिळालं. थंडी पडताच या जनुकाच्या उलट्या दिशेनंही वाचन सुरू होतं, हे २००९ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं. उलट्या वाचनाच्या त्या प्रतीचं नाव त्यांनी 'कूलएअर' ठेवलं. शास्त्रज्ञही कधी कधी शब्दाशी खेळतात.

पण आठवडे मोजतात कसे? इथे मला सगळ्यात मजा वाटते. ब्रेक सगळीकडे सारखाच हळूहळू ढिला होत असेल, असं वाटत होतं. २०११ मध्ये डीन आणि गणिती मार्टिन हॉवर्ड यांनी दाखवलं की तसं नाही. एका पेशीत ब्रेक एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद. थंडी लांबते तशी बंद झालेल्या पेशींची संख्या वाढते. जनुक चालू असेल तर पेशी निळी रंगेल अशी सोय करून पाहिलं, तर मधल्या मुदतीच्या थंडीनंतर मुळात काही पेशी निळ्या आणि काही कोऱ्या दिसल्या. ग्रामसभेत हात वर व्हावेत तसं. एकेक पेशी आपलं मत देते आणि किती मतं पडली त्यावरून झाड हिवाळा किती मोठा होता ते ठरवतं.

आणि ही मतं द्यायला पेशीला इतका वेळ का लागतो? खुणा चिकटवायच्या कामाला लागणारं व्हिन-३ नावाचं प्रथिन थंडीत आठवड्यांमागून आठवडे वाढत जातं. ते इतकं सावकाश का, याचं एक कारण २०२० मध्ये पुढे आलं. एनटीएल-८ हे दुसरं एक प्रथिन त्याला चालना देतं. एनटीएल-८ चटकन नष्ट होत नाही. ऊबेत झाड भराभर वाढतं, म्हणून ते सगळीकडे वाटलं जाऊन पातळ होतं. थंडीत वाढ मंदावते, पातळ होणं थांबतं, ते साचत जातं. म्हणजे आपण किती सावकाश वाढलो यावरून झाड हिवाळा किती चालला ते ओळखतं.

थंडीची दुसरीही एक नोंद झाड घेतं, ती मिनिटांत. गारवा झोंबला की पंधरा मिनिटांत सीबीएफ नावाची जनुकं जागी होतात, त्यांच्यामागून इतर, आणि गोठण्यापासून वाचवणारी तयारी सुरू होते. अमेरिकेत मायकेल टोमाशो यांनी ती १९९० च्या दशकात उलगडली. ती अंगावर शाल ओढण्यासारखी, आजच्या रात्रीपुरती. एफएलसीची नोंद वर्षाच्या वहीतली.

आता लायसेंकोचं काय? एपिजेनेटिक्स म्हणजे खुणांचं हे शास्त्र पुढे आल्यावर रशियात काहींनी त्याचं पुनर्वसन सुरू केलं. वातावरणामुळे जनुकांचं वागणं बदलतं, हे तो म्हणतच होता ना, असा त्यांचा सूर. हा सूर ऐकला की मी अस्वस्थ होतो. कारण याच शास्त्रानं त्याचा मुख्य दावा सरळ खोडून काढलेला आहे. अरॅबिडॉप्सिसमध्ये बीज धरताना, नवा गर्भ तयार होताना, एफएलसीवरच्या खुणा पुसल्या जातात आणि ब्रेक पुन्हा चालू होतो. कुठली प्रथिनं त्या पुसतात, तेही आता माहीत आहे. आईनं सोसलेला हिवाळा लेकराच्या खाती जमा होत नाही. प्रत्येक बीला आपला हिवाळा आपणच काढावा लागतो. कोऑपरेटोर्काच्या त्या एकट्या रोपाचं काय झालं असेल ते असो.

गव्हाची यंत्रणा अरॅबिडॉप्सिसहून वेगळी आहे, हेही सांगायला हवं. दोन्ही कुळांनी हिवाळा मोजण्याची आपापली रीत स्वतंत्रपणे घडवली. गव्हातलं व्हीआरएन-१ हे जनुक २००३ मध्ये कॅलिफोर्नियात होर्हे दुबकोव्स्की यांच्या चमूनं शोधलं. ते ब्रेक नाही, चालना देणारं आहे. थंडीत ते जागं होतं. वासंतिक गव्हात त्याच्या आधीच्या भागात काही बदल झालेले असतात, त्यामुळे ते थंडीशिवायही जागंच असतं. आपल्या शेतातला सगळा गहू या वासंतिक गटातला. थंडी कमी पडली की इथला शेतकरीही उताऱ्याची काळजी करतो, पण ती फुटव्यांची आणि दाणा भरण्याची काळजी. ओंबी यायची राहत नाही. आमच्या घरचा खिचडा ज्या गव्हाचा होतो त्यानं बर्फ पाहिलेला नाही आणि पाहायची त्याला गरजही नाही.

आपल्याकडे थंडी मोजणारं पीक पाहायचं तर ते कांद्याचं. नाशिक-नगरकडचा शेतकरी याला 'डेंगळे आले' म्हणतो. रोप पुरेसं मोठं झालेलं असताना थंडी लांबली की कांदा पोसायचा सोडून फुलाचा दांडा वर काढतो. तो कांदा बाजारात चालत नाही. पण ज्याला बी धरायचंय तो मुद्दाम कांदे लावून थंडीची वाट पाहतो. एकाच थंडीचा एकाला तोटा, दुसऱ्याला धंदा.

नॉर्विचच्या लोकांनी नंतर अरॅबिडॉप्सिसची रोपं प्रयोगशाळेतून बाहेर काढून स्वीडनच्या उत्तरेला, दक्षिणेला आणि इंग्लंडमध्ये उघड्या शेतात लावली. २०१८ मध्ये निकाल आले. झाड सरासरी तापमान पाहत बसत नाही. दिवसातला सगळ्यात ऊबदार क्षण त्याच्या हिशेबात जास्त येतो. दुपारी थोडा वेळ जरी पारा पंधरा अंशांच्या वर गेला, तरी व्हिन-३ वाढायचं अडखळतं, मग बाकीचा दिवस आणि रात्र कितीही गार असो. हिवाळे सरासरीनं किती ऊबदार झाले हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. शरदातल्या गहूशेतीची चिंता करणारे शास्त्रज्ञ आता दुपारचे आकडे वेगळे काढून बघतात. आणि लेनिनग्राडचं आता सेंट पीटर्सबर्ग झालंय. तिथल्या वाविलोव संस्थेत वेढ्यातून वाचलेल्या बियाण्यांच्या पुढच्या पिढ्या आजही पाकिटांत ठेवलेल्या आहेत. त्या ठरावीक वर्षांनी पेरतात, ओंब्या काढतात, आणि पुन्हा थंड खोलीत नेऊन ठेवतात.